खुफूचा पिरॅमिड आणि मुकादम मेरेर

एक मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतोय. दर पाच-सहा महिन्यांनी नवं चित्र लावून तो परत येतो, आणि दर वेळी कोणीतरी जवळचंच माणूस तो मोठ्या कौतुकाने पाठवतं. सारांश असा: गिझाच्या महापिरॅमिडात २३ लाख दगड आहेत. २० वर्षांत तो बांधायचा तर दर दोन मिनिटांना एक दगड बसवावा लागेल, आणि ते अशक्य आहे. असली वास्तू एकदम, कुठलीही पूर्वतयारी नसताना उभी राहिली. तांब्याच्या हत्यारांनी ग्रॅनाइट कापताच येत नाही. दगडांच्या सांध्यात कागदही शिरत नाही. आत ना ममी मिळाली, ना एक अक्षर. पिरॅमिडचा अक्षांश आणि प्रकाशाचा वेग यांचे आकडे तंतोतंत एक आहेत. आजच्या यंत्रांनाही हे जमणार नाही. बांधकामाची कुठे नोंद नाही. तेव्हा तो इजिप्तच्या माणसांनी बांधलेला नाही; परग्रहावरच्या कुणीतरी किंवा समुद्रात बुडालेल्या एखाद्या महाप्रगत संस्कृतीने बांधला.

पूर्वी मी हे वाचून सोडून द्यायचे. आता सोडवत नाही. ज्यांनी तो बांधला त्यांची गावं, भट्ट्या, थडगी आणि मोडून पुन्हा जुळलेली हाडंसुद्धा सापडली आहेत. त्यांच्या कष्टाचं श्रेय कुणा अज्ञाताच्या खात्यावर टाकलेलं मला बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘दर दोन मिनिटांना एक दगड, म्हणजे अशक्य’

भागाकार बरोबर आहे. २३ लाख दगड, २० वर्षं, वर्षाचे ३६५ दिवस: दिवसाला ३१५ दगड. दहा तासांचा दिवस धरला तर तासाला ३१, म्हणजे साधारण दोन मिनिटांना एक. चूक आहे ती त्यातून काढलेल्या चित्रात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच रांग येते, एकच दगड येतो, तो चढतो, बसतो, मग पुढचा. प्रत्यक्षात ही २३० मीटर बाजूची चौकोनी जागा होती, पाच हेक्टरांहून मोठी. तिथे एकाच वेळी कितीतरी तुकड्या काम करू शकत होत्या.

आकड्यांनाच पुढे चालवू. सरासरी दगड अडीच टनांचा धरतात. तो घसरगाडीवर ठेवून ओढायला वीस माणसं लावली आणि एका तुकडीने दिवसभरात चारच दगड पोचवले असं मानलं, तर ३१५ दगडांना ८० तुकड्या पुरतात. म्हणजे ओढणारे १,६०० लोक. खाणीत दगड काढणारे, वर बसवणारे, उतार बांधणारे, पाणी वाहणारे, भाकऱ्या भाजणारे सगळे मिळवून अभ्यासकांचे आजचे अंदाज २० ते ३० हजार माणसांच्या आसपास येतात. पिरॅमिड उभा राहिल्यावर दोन हजार वर्षांनी तिथे गेलेल्या हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने एक लाख माणसं सांगितली होती. तेवढी धरायचीही गरज पडत नाही. बहुतेक दगड आले तेही दूरदेशाहून नाही. पिरॅमिडच्या दक्षिणेला काही शे मीटरवर खाण आहे, आजही तिचा खड्डा दिसतो. ज्याच्यासाठी तो बांधला त्या खुफू राजाने राज्य केलं तेही किमान २६-२७ वर्षं. तेवढी वर्षं धरली तर दिवसाचा आकडा २३०-२४० पर्यंत उतरतो.

एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाही, आणि मला ती या सगळ्या हिशेबात सर्वांत महत्त्वाची वाटते. पिरॅमिडचा आकार असा आहे की त्याचा जवळजवळ निम्मा दगड तळाच्या पाचव्या हिश्शात, म्हणजे पहिल्या २९ मीटर उंचीत मावतो. तळाच्या एक तृतीयांश उंचीत ७० टक्के. आणि वरच्या एक तृतीयांशात? जेमतेम चार टक्के. ‘१४६ मीटर उंचीवर लाखो दगड चढवले’ हे वाक्य ऐकायला भारी आहे, पण लाखो दगड तिथवर चढलेच नाहीत. बहुतेक दगडांना फार चढ नव्हता. शिवाय वर जाताना थर एकंदरीत बुटके होत जातात. मध्येच एखादा जाड थर येतो, पण तळाशी दीड मीटरचे दगड आणि शिखराजवळ अर्ध्या-पाऊण मीटरचे, अशी सर्वसाधारण उतरण आहे. कष्ट कुठे वाचवायचे हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

दगड वर नेण्यासाठी उतार नेमका कसा होता, सरळ, पिरॅमिडला वळसे घालणारा की दोन्हींचं मिश्रण, यावर पुरातत्त्वज्ञ अजून भांडतात. त्यांचं भांडण दाखवून ‘बघा, त्यांनाच माहीत नाही’ असं म्हटलं जातं. कसा नेला यावर मतभेद असणं म्हणजे नेला की नाही यावर मतभेद असणं नव्हे. उतारांचे अवशेष मिळाले आहेत. २०१८ साली हातनुबच्या अलाबास्टर खाणीत खुफूच्याच काळातला एक चढ उघडा पडला. मधोमध उतार, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि जाड खांब रोवायचे खड्डे. खांबांना दोर गुंडाळून वजनाचा ताण वाटून घ्यायची ही सोय असावी, असं खोदणाऱ्यांचं म्हणणं आहे.

आणि वाळूतून ओढण्याचं काय? त्याचं उत्तर देइर अल-बर्शाच्या एका थडग्यात रंगवून ठेवलेलं आहे. साधारण इसवी सनापूर्वी १९०० चं चित्र: जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याचा प्रचंड पुतळा घसरगाडीवर बांधलेला, पुढे दोरांना १७२ माणसं जुंपलेली, आणि गाडीच्या अगदी पुढे उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं लोकांना वाटायचं हा काहीतरी विधी असेल. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या पदार्थवैज्ञानिकांनी मोजून दाखवलं की वाळू योग्य प्रमाणात ओली केली तर ओढायला लागणारा जोर सुमारे निम्म्यावर येतो. ओल्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात आणि गाडीपुढे ढीग साचत नाही. चित्रातला तो माणूस कामाचंच काम करत होता.

‘असली वास्तू एकदम उभी राहिली’

एकदम काहीही उभं राहिलं नाही. खुफूच्या आधीचं शतक म्हणजे एकामागून एक प्रयोगांचं शतक आहे, आणि त्यातले काही फसलेले आहेत.

सक्काराचा, जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड बघा. त्याचे दगड लहान आहेत, विटेच्या सवयीने रचल्यासारखे. मातीच्या विटांतून दगडाकडे येणाऱ्या हातांची ती पहिली मोठी वास्तू. पुढे स्नेफ्रू, म्हणजे खुफूचा बाप. त्याच्या नावावर तीन मोठे पिरॅमिड आहेत. मेदूमचा पुढे ढासळला. आज त्याचा गाभा भोवतीच्या ढिगाऱ्यातून बुरुजासारखा वर दिसतो. दाहशूरचा दुसरा सुमारे ५४ अंशांच्या चढाने सुरू केला, पण काम चालू असताना तडे जाऊ लागले. आतल्या दालनात आधारासाठी सीडरचे वासे अडकवले आणि अर्ध्यावरून चढ ४३ अंशांवर आणला. त्याचा वाकलेला आकार आजही तसाच आहे. तिसरा, लाल पिरॅमिड, त्यांनी पहिल्यापासूनच ४३ अंशांनी बांधला. चूक झाली, धडा घेतला, जपून काम केलं. मग पोराच्या वेळी पुन्हा धीर करून ५२ अंशांच्या जवळ गेले.

बापाच्या तीन पिरॅमिडांतला दगड मिळून मुलाच्या पिरॅमिडापेक्षा जास्तच भरतो. खुफू गादीवर आला तेव्हा खाणवाले, ओढणारे, मोजणारे असे अनुभवी हात तयार होते. एकट्या महापिरॅमिडाचा फोटो दाखवून बाकीचे लपवले तरच तो आभाळातून पडल्यासारखा दिसतो.

‘तांब्याने ग्रॅनाइट कापता येत नाही’

अगदी बरोबर. तांब्याने कापता येत नाही. कापते ती वाळू.

तांब्याची पात दगडावर पुढे-मागे फिरवायची आणि खाचेत वाळू टाकत राहायचं. वाळूत क्वार्ट्झ असतं, ग्रॅनाइटइतकंच कडक. वाळूचे कण मऊ तांब्यात रुततात आणि पात त्यांना ओढत नेते. दगड झिजतो, तांबंही झिजतं, काम होतं. डेनिस स्टॉक्स या ब्रिटिश संशोधकाने अशी हत्यारं बनवून प्रत्यक्ष ग्रॅनाइट कापून दाखवला आहे. काम संथ आहे, तांबं भरपूर खातं, पण त्यात जादू काही नाही. खाणीतून ग्रॅनाइट काढायला डोलेराइट या अतिशय कठीण दगडाचे गोळे वापरत. ठोकून ठोकून चर पाडायचे. अस्वानच्या खाणीत एक अर्धवट राहिलेला स्तंभ पडून आहे, सुमारे ४२ मीटर लांबीचा. तडा गेला म्हणून तिथेच सोडला. तो खुफूनंतर हजारभर वर्षांचा, पण त्याच्या कडेच्या चरात ठोकण्याचे वाटोळे खळगे ओळीने दिसतात, आणि एकेक खळगा म्हणजे एकेक माणसाची बसायची जागा.

पण मला खरी गोष्ट सांगायची आहे ती खुफूच्या स्वतःच्या दगडी पेटीची. राजाच्या दालनात ती अजून आहे, तांबूस ग्रॅनाइटची, झाकण गेलेली, एक कोपरा फोडलेला. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लिंडर्स पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने ती इंच-इंच मोजली. तिच्या उत्तरेच्या बाजूवर त्याला करवतीची खूण दिसली. करवत वाट सोडून दगडात जास्त खोल शिरली होती. कारागिरांनी ती मागे काढली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा खोल गेली. दोन इंच खाली जाऊन त्यांनी ती दुसऱ्यांदा मागे घेतली.

ही खूण मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ तिथेच अडकून राहिले होते. राजाची शवपेटी, साम्राज्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम, करवत ओढणारे दोघं-चौघं, आणि पात हलकेच तिरकी जाते. कोणीतरी ‘थांब’ म्हटलं असेल. मग पुन्हा वाळू, पुन्हा पाणी, पुन्हा तीच चूक. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांच्या इतक्या जवळ नेणारी दुसरी खूण मला माहीत नाही.

‘सांध्यात कागदही शिरत नाही’

हे बाहेरच्या पांढऱ्या चुनखडीच्या आवरणाबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे. तुराच्या खाणीतला तो बारीक दगड होता, आणि त्यातल्या काही सांध्यांची फट पेट्रीने मोजली तर सरासरी अर्धा मिलिमीटर निघाली. विलक्षण कारागिरी. पण आवरणाचे बहुतेक दगड मध्ययुगात काढून नेले गेले आणि आज समोर दिसतो तो आतला भराव. त्यात ओबडधोबड दगड आहेत, हाताएवढ्या फटी आहेत आणि त्या जिप्समच्या गाऱ्याने बुजवलेल्या आहेत. जिथे डोळा पडणार तिथे बारीक काम, जिथे नाही तिथे भरती.

हा गारा फार कामाचा निघाला. तो भाजताना जळालेल्या लाकडाचे कोळसे त्यात राहून गेले, आणि १९८४ व १९९५ मध्ये त्यांचं कार्बन-कालमापन झालं. उत्तर खुफूच्या ज्ञात काळापेक्षा एक ते चार शतकं मागे गेलं. जुनी लाकडं जळणाला वापरली की असा फरक पडतोच. पण बुडालेल्या संस्कृतीच्या नावावर सांगतात ती बारा हजार वर्षं? त्याच्या आसपासही एक नमुना गेला नाही.

‘ना ममी, ना अक्षर’

थडगी लुटली गेली. इजिप्तमध्ये प्राचीन काळापासूनच लुटली जात होती, आणि जगातला सर्वांत ठळक पिरॅमिड चोरांच्या नजरेतून सुटण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ‘कुठल्याच पिरॅमिडात ममी मिळाली नाही’ हे खोटं आहे. सक्कारात जेदकारे इसेसी या पाचव्या वंशाच्या राजाच्या पिरॅमिडात त्याच्या देहाचे अवशेष मिळाले आणि ते तपासलेही गेले. ‘कुठल्याच पिरॅमिडात लेखन नाही’ हेही खोटं. त्याच वंशाच्या उनासच्या पिरॅमिडात भिंतीच्या भिंती मंत्रांनी कोरलेल्या आहेत.

राहता राहिला खुफूचा. राजाच्या दालनाच्या माथ्यावर वजन पेलायला एकावर एक पाच बुटकी पोकळ दालनं आहेत. सर्वांत खालचं १७६५ मध्ये सापडलं, वरची चार १८३७ मध्ये हॉवर्ड वाइज या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सुरुंग लावून उघडली. आत लाल गेरूने खाणीतल्या तुकड्यांच्या खुणा रंगवलेल्या आहेत, त्यात राजाची नावं आहेत आणि ‘खुफूचे मित्र’ असं एका तुकडीचं नावही आहे. (मेनकौरे या नंतरच्या राजाच्या पिरॅमिडावर राबणारी एक तुकडी स्वतःला ‘मेनकौरेचे मद्यपी’ म्हणवून घ्यायची. हे वाचल्यावर त्या माणसांना चाबकाखाली मान घालून चालणारे मुके गुलाम समजणं मला तरी शक्य नाही.)

यावरचा ठरलेला आक्षेप असा की ही नावं वाइजनेच रंगवली. पण काही खुणा दोन दगडांच्या सांध्यात आत शिरतात. दगड बसवल्यानंतर तिथे कुंचला पोचूच शकत नाही. काही आडव्या आहेत, काही उलट्या, कारण त्या खाणीत रंगवल्या आणि दगड नंतर फिरवून बसवला. आणि तिथे राजाचं एकच नाव नाही, ‘खुफू’ आहे, ‘ख्नुम-खुफू’ आहे, ‘मेजेदू’ हे होरस-नाव, म्हणजे होरस देवाशी जोडलेलं राजनावही आहे. चित्रलिपी वाचायची किल्ली शांपोल्योन या फ्रेंच विद्वानाला मिळून तेव्हा पंधराच वर्षं झाली होती. ही सगळी नावं एकाच राजाची आहेत हे तेव्हाच्या विद्वानांनाही नीट उलगडलेलं नव्हतं. जे कोणालाच माहीत नव्हतं ते वाइजने बिनचूक कसं रंगवलं?

पिरॅमिडच्या शेजारी १९५४ मध्ये एका खड्ड्यात सुटे भाग करून ठेवलेली सीडरची नाव मिळाली, ४३ मीटरहून लांब. खड्ड्यावरच्या दगडी फरशांवर खुफूच्या मुलाचं, जेदेफ्रेचं नाव आहे. बापाचं अंत्यकार्य मुलाने केलं, एवढा सरळ अर्थ आहे त्याचा.

‘अक्षांश म्हणजेच प्रकाशाचा वेग’

हा मुद्दा लोकांना सर्वांत जास्त भुलवतो, म्हणून सावकाश बघू. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८ अंश उत्तर. आकडे तेच, फक्त दशांश चिन्ह सरकलेलं.

आधी अक्षांश. एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक म्हणजे ११ मीटर, सातवा अंक म्हणजे एक सेंटिमीटर. आता पिरॅमिड २३० मीटर रुंद आहे. त्याच्या दक्षिणेच्या कडेला उभं राहिलं तर अक्षांश येतो सुमारे २९.९७८२, उत्तरेच्या कडेला सुमारे २९.९८०२. मधले सगळे आकडे पिरॅमिडावरच कुठे ना कुठे आहेत. त्यातून हवा तो सेंटिमीटर निवडायचा आणि तोच ‘पिरॅमिडचा अक्षांश’ म्हणून सांगायचा. शिखर म्हणाल तर ते जाग्यावर नाही. वरचे सुमारे आठ मीटर केव्हाच पडले आहेत. तरी मध्याचा अक्षांश २९.९७९२ च्या आसपास येतो हे मी मान्य करते. पण सात दशांश स्थळं लिहिणाऱ्याने सेंटिमीटरभर जागेवर बोट ठेवून दाखवलं पाहिजे, आणि ते कोणी दाखवत नाही.

दुसरं, जमीन हलते. आफ्रिकेचं भूपट्ट दरवर्षी साधारण दोन सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतं. साडेचार हजार वर्षांत ते ८०-९० मीटर झालं. बांधला तेव्हा पिरॅमिड आजच्या जागेच्या तेवढा दक्षिणेला होता, आणि तिसऱ्या दशांश स्थळापासूनच आकडा वेगळा होता. मग हा संदेश नेमका आपल्याच काळातल्या वाचकासाठी, आपण उपग्रहाने जागा मोजू लागलो त्या थोड्या वर्षांसाठी लिहिला होता असं मानावं लागेल.

तिसरं, मीटर. तो ठरला १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये, उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यांश म्हणून. प्रकाशाच्या वेगाचा तो नेमका आकडा १९८३ मध्ये ठरवून दिला गेला. मैलांत मोजला तर तो सेकंदाला सुमारे १,८६,२८२ होतो आणि सगळं साम्य नाहीसं होतं. वर्तुळाचे ३६० भाग हीसुद्धा माणसांनी पाडलेली पद्धत. आणि ज्यांनी पिरॅमिड बांधला त्यांनी तो मीटरमध्ये बांधलेला नाही, हातांमध्ये बांधला: बाजू ४४० हात, उंची २८० हात, एक हात सुमारे ५२.४ सेंटिमीटर. ही मापं पूर्णांकात येतात. रेखांश तर कोणी काढतच नाही. तो ३१.१३४ पूर्व आहे आणि कशाशीच जुळत नाही. सुतावरून स्वर्ग गाठायचा तर निदान दोन्ही सुतं हातात घ्यायला हवीत.

याच जातीचा जुना दावा पायचा (π), म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचा. परिमिती भागिले उंची बरोबर दोन पाय. १,७६० भागिले २८० म्हणजे ६.२८५७, हे खरं आहे. पण ते कुठून आलं? इजिप्शियन कारागीर चढ अंशांत मोजत नसत. एक हात उंचीमागे भिंत किती आत सरकते ते सांगत, आणि त्याला सेकेद म्हणत. राइंड पपायरस या गणिताच्या प्राचीन इजिप्शियन गुंडाळीत पिरॅमिडच्या चढाची गणितं अशीच सोडवलेली आहेत. एक हात म्हणजे सात तळवे, म्हणजे २८ बोटं. खुफूच्या पिरॅमिडचा सेकेद २२ बोटांचा. २२ आणि २८ मधून २२/७ बाहेर पडणारच. सात तळव्यांचा हात आणि साडेपाच तळव्यांचा चढ, एवढंच त्याचं रहस्य. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडला सव्वापाच तळव्यांचा चढ दिला, तिथे पाय गायब.

हा आकड्यांचा नाद आजचा नाही. १८६० च्या दशकात स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी ‘पिरॅमिड-इंच’ नावाचं दैवी माप शोधल्याचा दावा केला. पेट्रीचे वडील त्या मताचे होते, आणि तरुण पेट्री १८८० मध्ये गिझाला गेला तो ते सिद्ध करता येईल या आशेने. दोन हंगाम त्याने मोजमाप केलं. आकडे स्मिथच्या बाजूने निघाले नाहीत, तसं त्याने छापून टाकलं. घरच्या श्रद्धेविरुद्ध मोजपट्टीचं ऐकणारा तो माणूस मला फार मोठा वाटतो.

‘आजही जमणार नाही’

अमेरिकेतल्या हूव्हर धरणाच्या भिंतीत सुमारे २५ लाख घनमीटर काँक्रीट आहे, म्हणजे जवळजवळ पिरॅमिडएवढंच. जून १९३३ मध्ये ओतायला सुरुवात झाली, मे १९३५ मध्ये संपलं. पुन्हा पिरॅमिड कोणी बांधत नाही कारण कोणाला तो नको आहे.

‘बांधकामाची नोंदच नाही’

२०१३ पर्यंत हे म्हणणाऱ्याला थोडी तरी सवलत देता आली असती.

त्या वर्षी पिएर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या चमूला तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर, वादी अल-जर्फ इथे, खुफूच्या काळातल्या बंदराच्या गुहा-कोठारांपाशी पपायरसचे तुकडे मिळाले. कोठारांची तोंडं बंद करणाऱ्या दगडांच्या आडोशाला ते पडून होते. लिहिलेले इतके जुने पपायरस दुसरे मिळालेले नाहीत. त्यांतली एक रोजनिशी मेरेर नावाच्या मुकादमाची आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसांची तुकडी आणि एक नाव. काम एकच: नाईलच्या पूर्वेच्या तुराहून पांढरी चुनखडी भरायची आणि पलीकडे ‘अखेत-खुफू’ला, खुफूच्या क्षितिजाला पोचवायची. महापिरॅमिडचं त्यांचं नाव तेच.

रोजनिशीत शौर्य नाही, देव नाहीत, तक्रारही नाही. एका महिन्याच्या २५ तारखेला मेरेरची तुकडी दक्षिण तुरात दगड ओढते, रात्री मुक्काम तिथेच. २६ ला दगड भरून नाव सुटते, रात्र खुफूच्या तलावाशी. २७ ला तिथून निघून अखेत-खुफूला पोचतात, मुक्काम तिथे. २८ ला सकाळी रिकामी नाव परत प्रवाहाविरुद्ध तुराकडे. २९ ला पुन्हा दगड ओढणं. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा. वर देखरेखीला अंखहाफ, खुफूचा सावत्र भाऊ. त्याचा अर्धपुतळा आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे, थकलेल्या डोळ्यांचा, पोक्त चेहऱ्याचा. नोंदीत साल आहे: तेराव्या गुरमोजणीनंतरचं वर्ष (तेव्हा राज्याची वर्षं गुरांच्या मोजणीवरून सांगत). खुफूच्या राज्याची ती शेवटची वर्षं, म्हणजे पिरॅमिडला आवरण चढत होतं तेव्हाची.

त्या नावेतून उतरलेला दगड पुढे ज्यांच्या हाती जायचा, त्यांची वस्तीही मिळाली आहे. पिरॅमिडांच्या दक्षिणेला मार्क लेहनर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाच्या चमूने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ती खणून काढली: झोपायच्या लांबट ओसऱ्या, भाकरीच्या भट्ट्या, गुरं-शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांचे ढीग. जवळच कामगारांची दफनभूमी. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय विटांच्या भिंतीला अडखळला आणि ती उजेडात आली. तिथल्या सांगाड्यांची पाठ आणि गुडघे ओझ्याने झिजलेले आहेत. हात मोडलेले आहेत आणि नीट बांधल्यामुळे सरळ जुळलेले आहेत. एक-दोघांचा अवयव कापावा लागला होता आणि ती जखम भरून ते पुढे जगले होते. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत त्यांना स्वतःची थडगी मिळाली, कुणाकुणाच्या थडग्यावर कामाचा हुद्दा कोरलेला.

वादी अल-जर्फच्या पपायरसात रोजनिशीबरोबर हिशेबाचे तक्तेही आहेत, तुकड्यांना पोचवलेल्या धान्याचे आणि भाकऱ्यांचे. त्यांत किती यायला हवं होतं, किती आलं आणि किती बाकी राहिलं, याचे वेगवेगळे रकाने आखलेले आहेत. काही आकडे काळ्या शाईने, काही लाल.